लंगडत न्हाय ती मेंढी

आमच्या म्हाताऱ्यानं माझ्यापासनं चोरून मेंढरं इकत घेतली, असा मला संशय व्हता. संशय कसला, खात्रीच व्हती. ज्या माणसाच्या मागं सारी जिंदगी मेंढरांचा तळ रानोमाळ हलवत हिंडले, त्येचं खोटं मला पाठमोरं बी वळखू येतं.

पहिल्यांदा मला सांगितलं ते माझ्या नाकानं. भादव्याचं दिवस व्हतं, चार दिस भुरभुर लागून राह्यली व्हती. म्हातारं वसरीवर चहा पीत बसलं व्हतं. म्या केर काढत त्येंच्या शेजारनं गेले, आन् थबकलेच. वास आला. वल्ल्या चिखलात मेंढरांची खुरं कुजतेत ना, त्यो वास. ज्यानं एकदा घेतला त्यो जल्मात इसरत न्हाय. आता आमच्या दारात मेंढरू न्हाय, शेळी न्हाय. एक म्हस हाय. म्या केरसुणी टाकली आन् जाऊन म्हशीची चारी खुरं बघून आले. साफ! मंग वास कुणाचा?

तुमी म्हणाल, घेतली आसतील चार मेंढरं म्हाताऱ्यानं, धनगराचा जल्म हाय, त्यात एवढं आकांडतांडव कशापायी? तर ऐका. दोन वर्सांमागं त्येंच्या लघवीला मुंग्या लागाया लागल्या. भूमच्या डाक्टरानं रगत तपासलं आन् म्हणला, "बिराप्पा, साखर हाय तुला, आन् लई हाय." (नाव त्येंचं म्या घेत न्हाय, डाक्टरानं घेतलं म्हणून सांगते.) "गोळी चुकवायची न्हाय. आन् पायाला जपायचं. साखरेच्या माणसाला एक काटा बी लई झाला. अनवाणी हिंडायचं न्हाय, रोज तळवं बघायचं. पाय एकदा गेला की पुन्हा फुटत न्हाय, त्यो काय बाभळीचा फाटा हाय व्हय?"

आमचा शिवराज धाराशिवला नोकरीला हाय. त्येनं त्याच रविवारी येऊन बापाला बिरोबाची आण घातली, की मेंढरामागं जायाचं न्हाय. समदी मेंढरं बाजारात गेली. म्हातारं महिनाभर नीट जेवलं न्हाय. रस्त्यानं दुसऱ्याचा कळप चालला की ह्येंचं कान टवकारायचं आन् घास हातातच ऱ्हायचा. तवाच म्या मनात म्हणलं, ह्ये माणूस एक ना एक दिस आण मोडणार. आन् मोडली की पाय जाणार. साधी गोष्ट व्हती. मला दुसरी भीती नव्हती. म्हातारं ओरडंना का, भांडंना का, मला चालतंय. पर दोन पायावर पाह्यजे.

म्हणून म्या नजर ठिवली.

तर काय काय दिसाया लागलं! आधी तर मोजं. ज्या माणसानं जल्मात सोताचं धोतर धुतलं न्हाय, त्यो माणूस न्हाणीत बसून गुपचूप मोजं धुतोय! म्या इचारलं, "अवो, सूर्व्य आज कुणीकडं उगवला?" तर म्हणलं, "सुनंला किती कामं सांगायची?" आगं बया! सुनंची एवढी माया कवापासनं आली? म्या न्हाणीच्या दाराशी उभी ऱ्हायले, तर ह्येनी दार पुढं केलं.

मंग बूट. शिवराजनं कापडी बूट आणून दिलेलं, ते आधी दिवाळीला बी घालाया लाजायचं. आता सकाळपासनं निजंपतूर पायात. घरात बी. "साप निघतेत पावसाचं," म्हणलं. साप काय आमच्या सैपाकघरात निघतेत?

आन् रोज जेवण झालं की रानातल्या खोपटाकडं. काय काम, तर "बांध बघतो."

"बांध कुठं पळून चाललाय?" म्या म्हणलं.

"तुझ्या तोंडाला लागण्यापरीस बांधाला लागल्यालं बरं," म्हणून चाललं काठी घेऊन. चालणं मातूर ताठ. लंगडणं न्हाय, कण्हणं न्हाय. मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पाय तर धड हाय म्हाताऱ्याचा, तवर मेंढरं हुडकून काढू, असा माझा हिशेब.

सून माझी, प्रतीक्षा, बारावी शिकल्याली हाय. नातवाच्या पायी ती गावात आमच्यापाशीच ऱ्हाती. ती म्हणली, "आत्या, तुमी मामांना सरळ इचारा की. हल्ली ते रानातनं आल्यावर पाय धुवायला पाणी बी आणून देऊ देत न्हाईत. तांब्या हातातनं वढून घेतेत आन् एकलेच मागल्या दारी जातेत."

म्या तिच्याकडं बी रोखून बघितलं. म्हणलं, ही बी सामील हाय का काय? सासऱ्यानं कोकरू दाखवून फितवली आसंल. पर पोरीचं तोंड साधं व्हतं. कुठंतरी पाणी मुरत व्हतं, आन् ते मागल्या दारीच मुरत व्हतं.

दुसऱ्या दिवशी म्या गोठ्यातलं समदं खालीवर केलं. वैरणीच्या मागं घमेलं सापडलं, पालथं घातल्यालं. सुलटं केलं तर कडंला निळा डाग. आन् आढ्याला खोचल्याली खुरं तासायची सुरी काढून बघितली, तर नुसती लखलख. दोन वर्सं गंज खात पडल्याली सुरी! निळा डाग तर मला कुणी सांगायाच नको. मोरचूद. मेंढरांची खुरं कुजली की आमी मोरचुदाच्या पाण्यात त्येंचं पाय बुडवून काढतो. आधी सुरीनं सडकं खूर तासायचं, मंग मोरचूद. ह्या कामात आमच्या म्हाताऱ्याचा हात धरणारा साऱ्या भूम तालुक्यात न्हाय. लांब लांबचं धनगर बोलवायचं त्येनला.

वास, सुरी, मोरचूद. आता आणखी काय पाह्यजे? मेंढरं हायत, आन् ती बी खुरानं आजारी. आता 'मेंढरं दावा', नुसतं तेवढं म्हणायचं ऱ्हायलं व्हतं.

म्या पदर खोचला आन् हणमंतप्पाच्या वस्तीवर गेले. हणमंतप्पा त्येंचा जुना सोबती. त्येच्यापाशी आजून मोठा कळप हाय. चोरीचा माल ठिवायला त्येच्यासारखी जागा न्हाय. म्या त्येच्या कळपात शिरून एक एक मेंढी न्याहाळाया लागले.

"वैनी, काय हरवलं?" त्यो म्हणला.

"इमान हरवलं लोकांचं," म्या म्हणलं. "आमच्या घरातली मेंढरं कुठली ह्यातली?"

त्यो हसाया लागला. मला आणखीच राग आला. म्या म्हणलं, "दात काढू नका भाऊजी. त्येंचा पाय गेला तर तुमी देणार हाव का तुमचा? मोरचूद कुणी दिला त्येनला?"

"म्या दिला," त्यो म्हणला. "मागितला म्हणून दिला. पावण्याच्या मेंढीला पाह्यजे म्हणला. त्यात काय झालं?"

"कंच्या पावण्याच्या?"

"ते काय सांगितलं न्हाय बा." हणमंतप्पानं डोकं खाजवलं. "पर एक गोष्ट इपरीत वाटली मला. बिराप्पासारखा माणूस, ज्यानं आमाला शिकवलं, त्यो मला इचारतोय. म्हणला, हणमंता, खूर काळं पडलं, वास मारतंय, आन् मेंढी लंगडतच न्हाय, असं कधी बघितलंस का? म्या म्हणलं, न्हाय बा. पर लंगडत न्हाय म्हंजे दुखत नसंल, दुखत न्हाय म्हंजे बरीच हुतीया की. तर लई बरं वाटलं त्येला. माझ्या पाठीवर थाप मारून गेला."

घ्या! मेंढी हाय, साक्षीदार बी मिळाला. म्या तरातरा घराकडं निघाले. वाटंत मनातल्या मनात म्हाताऱ्याला काय काय बोलायचं ते जुळवत व्हते. पर त्या मेंढीचं मला बी कोडं पडलं. आमच्या हयातीत खूर कुजल्याली मेंढी लंगडल्याबिगर ऱ्हायलीच न्हाय. गुडघं टेकून चरती, पर पाय टेकत न्हाय. ही कसली मेंढी?

दुपारी जेवण झालं. म्हाताऱ्यानं काठी उचलली. म्या भांडी घासत बसल्यासारखं केलं आन् ते आंब्याच्या वळणाला गेलं की मागं निघाले. प्रतीक्षाला म्हणलं, "तू बी चल. दोघी बघू, मंग मी खोटी म्हणायला नको." तिनं पोराला कडंवर घेतलं.

खोपटाचं दार लोटल्यालं व्हतं. आतनं पाण्याचा आवाज येत व्हता, आन् वास तर असा, की प्रतीक्षानं पदर नाकाला लावला. म्या दार ढकललं आन् वरडले, "कुठं हाय मेंढी? दावा मला मेंढी!"

म्हातारं बाजंवर बसलं व्हतं. पुढं दुसरं घमेलं, त्यात निळं पाणी. त्या पाण्यात त्येंचा डावा पाय. हातात सुरी.

मेंढी नव्हती.

म्या कोपरा बघितला, बाजंखाली बघितलं. आजून बी माझं डोकं मेंढीच हुडकत व्हतं. मंग त्येंचा पाय पाण्यातनं वर आला, आन् म्या बघितला. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट काळं ठिक्कर. तळव्याला भोक, त्यात माझं बोट गेलं असतं. भवतालचं कातडं मोरचुदानं जळून हिरवंनिळं झाल्यालं.  म्या दारातनंच किंचाळले.

"आरडू नको," म्हातारं म्हणलं. लई शांत व्हतं. "बरं व्हाया लागलंय. चिखल म्हणून त्या दिवशी बूट घातला, तर बाभळीचा काटा तळातनं आत आल्याला, मला कळलंच न्हाय. संध्याकाळी मोजं लाल दिसलं तवा कळलं. पर बघ, दुखत न्हाय." आन् माझ्या डोळ्यादेखत त्येनी सुरीचं टोक त्या भोकाच्या कडंला लावलं आन् मासाचा तुकडा कापून घमेल्यात टाकला. चेहऱ्यावर सुरकुती बी हालली न्हाय. "बघितलंस? जराबी न्हाय दुखत. म्या लंगडतो का? हणमंताला इचार. लंगडत न्हाय ती मेंढी बरी हुती."

म्या त्येंच्या हातातली सुरी हिसकून घेतली आन् जे तोंडाला आलं ते बोलले. काय बोलले ते हितं सांगण्याजोगं न्हाय. नवऱ्याला असं बोलू नये म्हणतेत. पर नवऱ्यानं तरी सोताचा पाय मेंढरासारखा तासू नये! प्रतीक्षानं तिथनंच शिवराजला फोन लावला. तिनं पोराला माझ्या मांडीवर टाकलं आन् म्हाताऱ्याचा पाय साध्या पाण्यानं धुवून सोच्छ फडक्यात गुंडाळला.  सांजच्या आत आमी जीपनं धाराशिवला पोचलो.

मोठ्या दवाखान्यात मोनिका मॅडम म्हणून डाक्टरीण व्हती. तिनं फडकं सोडलं, नाक मुरडलं न्हाय. म्हाताऱ्याला डोळं झाकाया लावलं आन् एक बारीक तार पायाला ठिकठिकाणी टेकवून इचारलं, "बाबा, लागतंय का? इथं? आणि इथं?"

"तुमी हात लावा की मंग सांगतो," म्हातारं म्हणलं.

तिनं कवाचा हात लावला व्हता. शिवराज दवाखान्यातच येऊन थांबला व्हता, त्येनं तोंड फिरवलं.

"हे निळं काय लावलंय?" तिनं इचारलं.

"मोरचूद," म्हातारं छाती काढून म्हणलं. "हजारभर मेंढरं बरी केलीत ह्येनं."

"मेंढीला दुखतं, म्हणून ती लंगडते, म्हणून तुम्हाला कळतं," मॅडम म्हणली. रागावली न्हाय, पर हसली बी न्हाय. "तुम्हाला साखरेनं पायात दुखायचंच बंद केलंय, बाबा. नसा बधिर झाल्यात. काटा बोलला नाही, सुरी बोलली नाही, मोरचुदानं चांगलं कातडं भाजलं तेही बोललं नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं तुमच्या पायाचं नाही. आता हा पाय रोज डोळ्यांनीच बघायला पाहिजे. दुखण्याची वाट बघून चालायचं नाही."

मंग तिनं त्येंच्या पावलावर दोन बोटं ठिवली, हाताची नाडी बघावी तशी. पायाला बी नाडी असती, ह्ये मला त्या दिवशी कळलं. ती बोटं जराशी हिकडं सरकवायची, जराशी तिकडं, आन् पुन्हा थांबायची.  म्या बिरोबाला नवस बोलले, तुळजाभवानीला बोलले, जी जी देवं आठवली त्या समद्यांना बोलले. ती घोट्याच्या आतल्या अंगाला गेली.

"आहे," ती म्हणली. "नाडी लागते चांगली. दोन बोटं काढावी लागतील आणि आतला सगळा पू. आज केलं तर पाय राहील, मला तसं वाटतं. आणखी थांबलो, तर विष वर चढेल आणि मग घोट्याच्या वर कापावं लागेल. सही करा, तयारी करते."

आन् आमचं म्हातारं म्हणलं, "न्हाय. घरला चला."

शिवराज आधी पाया पडला, मंग वरडला, मंग रडला. म्हातारं भिंतीकडं तोंड करून पडलं, जसं काय आमी तिथं न्हाईच. मला पुन्हा संशय आला. ह्ये माणूस मरणाला भिणारं न्हाय, सुरीला तर न्हाईच न्हाय, आत्ताच सोताच्या हातानं कापून घेत व्हतं. मंग भितंय कशाला? म्या शिवराज आन् प्रतीक्षाला म्हणलं, "तुमी दोघं भाईर जा. मॅडम, तुमी बी जरा वाईच थांबा." दार लावून घेतलं आन् त्येंच्या उशाला बसले.

"आता मला फसवू नका," म्या म्हणलं. "खोटं बोलला तर मला वासावरनं कळतं. का न्हाय म्हणता?"

 म्हातारं भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणलं, "खुरातनं गेल्याल्या मेंढीचं काय करतेत, तुला ठाव न्हाय व्हय?"

"काय करतेत?"

"खाटकाला दावतेत. तळ हालला की ती मागं पडती. म्या किती दिल्या तशा. धडधाकट कळपाला एका लंगडीपायी थांबवता येत न्हाय." त्येनी चादर पायावर वढून घेतली. "पोराला त्येची नोकरी हाय. सुनंच्या पदराला पोर हाय. तू सोता कंबर धरून उठती. लंगड्या म्हाताऱ्याचा भार कुणी वढायचा? म्हणून म्हणलं, कुणाला कळायच्या आत गुपचूप बरं व्हावं. न्हाय झालं तर... लंगडी मेंढी हून घरात पडायचं न्हाय मला."

मला लई राग आला. त्या रागाच्या खाली रडू व्हतं, ते बी आलं. एवढ्या वर्सांचा संसार केला आन् ह्या माणसाला वाटतंय की म्या त्येला खाटकाला दावीन? मोजं धुतलं, बूट चढवलं, मला भाईर ठिवून न्हाणीचं दार लावलं, ते ह्येच्यासाठी?

पदरानं तोंड पुसलं आन् म्हणलं, "अवो, मेंढी इकायची का ठिवायची, ह्ये कोण ठरीवतो?"

त्येनी मान वळवली.

"मेंढका ठरीवतो," म्या म्हणलं. "मेंढी ठरवत न्हाय. तिला कुणी इचारत बी न्हाय. तुमी आजवर मेंढकं व्हता, तुमी ठरीवलं, म्या कधी मधी तोंड घातलं न्हाय. आता तुमचं पाय कळंना तुमालाच, तुमी कसलं मेंढकं? हितनं पुढं मेंढका म्या. आन् माझी मेंढी म्या इकत न्हाय. लंगडी आसली तरी न्हाय, तीन पायाची आसली तरी न्हाय. तिच्यापायी तळ हालला न्हाय तर न्हाय हालला!"

म्हातारं माझ्याकडं बघतच ऱ्हायलं. डोळ्याला पाणी आलं ते त्येनी पुसलं न्हाय, आन् म्या बी पुसलं न्हाय. भाईर शिवराज दार वाजवत व्हता. मंग त्येनी सावकाश चादरीतनं त्यो पाय काढला, काळा पडल्याला, वास मारणारा, ज्याला आजवर मला हात लावू दिला नव्हता, आन् उचलून माझ्या मांडीवर ठिवला.

"घे," म्हणलं. "मेंढी तुझी हाय."

म्या मॅडमला हाक मारली.